दोन जिवांच्या बाईला नाही

पेण, ३ जुलै २०२५

सुरभी,

ई-मेल पाठवला की तुझ्या कार्यालयाचं यंत्र माझे आभार मानतं, म्हणून कागदावर लिहिते आहे. दोन वर्षांपूर्वी अंधश्रद्धेविरुद्धच्या पेणच्या सभेत मी व्यासपीठावरून तुला, माझ्या धाकट्या बहिणीला, ‘जागतिक वैदू’ म्हटलं, तू पहिल्या रांगेतून उठलीस आणि गडबच्या घराकडे न वळता थेट विमानतळावर गेलीस. तो शब्द मागे घ्यायला मी बसलेली नाही. तो मी उद्याही वापरेन. काम आहे म्हणून लिहिते.

तुमच्या जिनिव्हाच्या मंचाच्या काविळीच्या प्रकल्पाचा रोह्याचा अधिकारी ऋत्विक परवा घरी येऊन गेला. मुलगा सभ्य आहे. त्याने बिनसाखरेचा चहा घेतला आणि निमंत्रणपत्रिका पुढे सरकवली. सप्टेंबरात रोह्याजवळ वरश्याच्या सभागृहात परिषद: ‘विकसनशील देशांच्या आरोग्यसेवेत पूरक उपचार : आंतरराष्ट्रीय सहकार्य’. आफ्रिकेतून, आग्नेय आशियातून पाहुणे येणार, जिनिव्हाहून तू बोलणार, आणि ‘स्थानिक आवाज’ म्हणून मी.

“मॅडम, तुमच्यासारखा विरोधी सूर असला की परिषदेला वजन येतं,” तो म्हणाला.

“वजन कुणाच्या बाजूने पडतं रे?” मी विचारलं. तो हसला आणि माझं वाक्य त्याने मोबाइलमध्ये टिपून घेतलं. मला तिथेच शिसारी आली. शिवी दिली असती तर तीही त्याने टिपून घेतली असती.

पत्रिकेवर करंजवाडीच्या कान्हूबाबाचा फोटो आहे. रोह्याजवळच्या उतारावरच्या कातकरी वाडीतला, काविळीचं औषध देणारा, ज्याच्या मुळीवरून तुम्ही गोळी काढलीत. तू त्याला ओळखतेस, तुझ्या अहवालात त्याच्यावर अख्खं प्रकरण आहे. या माणसाला मी आयुष्यभर हाफपँट आणि कुठल्यातरी कंपनीच्या जुन्या शर्टातच पाहिलं. फोटोत तो डॉक्टरचा पांढरा कोट घालून बसलाय आणि डोक्यावर पीस खोवलेलं मुंडासं. कातकऱ्यांनी मुंडाशात पीस कधी खोवलं, हे मला तुमच्या मानववंशशास्त्रज्ञांनी सांगावं.

मी वाडीवर जाऊन त्यालाच विचारलं. “तं ऋत्विकसाहेबांनी आणलं व्हतं,” तो म्हणाला. “कोंबड्याचं नाय हां बाई, कायतरी भारी हाय.”

कान्हूबाबाला साधूसंत समजू नकोस. तो लबाड आहे, संध्याकाळी घेतो, आणि कोट त्याला मनापासून आवडतो. सध्या तो कोट घालूनच बकऱ्या चारतो. वाडीच्या तोंडाशी तुमचं ‘औषधी उद्यान’ आहे, त्याला नळ आहे. वाडीला नळ नाही. बाया ओढ्याचं पाणी भरतात आणि ऋत्विकची गाडी वळणापलीकडे गेली की उद्यानाची नळी ओढून हंडे भरतात. काविळीवर संशोधन करणाऱ्यांनी झाडांना स्वच्छ पाणी दिलं आणि माणसांना गोळी. हे वाक्य मी भाषणासाठी राखून ठेवलं होतं, पण तुलाच आधी देते.

आता कामाचं. त्या दिवशी कान्हूबाबा बोलायच्या तारेत होता. मी सहज म्हटलं, “तुमच्या सोनकाडीची गोळी आता तीन देशांत गेली, ऐकलं.” तर हा माणूस खोकला येईपर्यंत हसला.

“सोनकाडी कसली गो बाई. टाकळा दाखवला मी त्यांना.”

टाकळा. आपल्या गडबच्या रस्त्याकडेला पावसाळ्यात जुड्या विकतात तो. आपण कांदा घालून परततो तो.

त्यामागची रीत तुला सांगते, कारण तुझ्या अहवालात ती नाही. खरी मुळी आणायला तो पहाटे निघतो तो मुक्याने. परत येईपर्यंत कुणी हाक मारली तरी ओ देत नाही. आणि ती मुळी तो एकालाच सांगणार, तेही स्वतः औषध द्यायचं सोडेल तेव्हा. त्याआधी नाव सांगितलं की औषध मेलं. पण दारात आलेल्या पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, हीसुद्धा रीतच. मग काय, दिसला तो टाकळा उपटून दिला. नाव काय म्हणून तुमच्या पथकातल्या गोऱ्या बाईने विचारलं, तर समोर सोनाबाय सरपणाच्या काड्या वेचत होती. “म्हनलं, सोनकाडी.”

तुमच्या प्रयोगशाळेने हा टाकळा आहे हे ओळखलंही. आणि मग लिहिलं की इतक्या साध्या वनस्पतीचा हा उपयोग केवळ या समाजालाच ठाऊक होता. मी ते वाचून हसले. लबाडी पकडायची साधनं तुमच्याकडे होती. ती तुम्ही लबाडी सजवायला वापरलीत.

खरी मुळी तरी काविळीवर चालते का? माझ्या मते नाही. काविळीचे बहुतेक रोगी विश्रांतीने बरे होतात, हे तूच मला शिकवलंस, मेडिकलच्या दुसऱ्या वर्षात असताना. पण कान्हूबाबाचा एक नियम होता आणि तो त्याने कधी मोडला नाही: दोन जिवांच्या बाईला औषध नाही. कारण विचारलं तर म्हणतो, औषध एकच जीव शोधतं, दोन दिसले की चुकतं. हे कारण खुळचट आहे. पण गरोदर बाई पिवळी दिसली की तो तिला उंबऱ्यातून परत पाठवायचा, आणि दुसरा इलाज नाही म्हणून घरचे तिला दवाखान्यात न्यायचे. शेवटच्या महिन्यांत पाण्यातून आलेली कावीळ काय करते, हे मी तुला सांगायचं?

तुमच्या नव्या नियमावलीत ही ओळ गाळली आहे. उपकेंद्रातल्या तुमच्या खिडकीतून गरोदर बायांनाही गोळी मिळते, आणि गोळी मिळाली की त्या घरी बसतात.

ती ओळ परत घाल. टाकळा राहू दे, पीस राहू दे, परिषद होऊ दे. तुझ्या एका सहीने होणारं एवढं एकच काम आहे.

नूतन


पेण, २२ जुलै २०२५

सुरभी,

उत्तर आलं. तुझं नाही, तुझ्या मंचाचं. ‘मौल्यवान सूचनेबद्दल आभार.’ मी बत्तीस वर्षं कॉलेजात शिकवलं. कॉपी केलेला पेपर वाचताना जे वाटायचं ते हे पत्र वाचताना वाटलं.

मंच म्हणतो, गरोदर स्त्रियांना वगळणं हे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे. मंच म्हणतो, दोन जिवांचा नियम ही ‘सांस्कृतिक निषिद्धता’ असून तिच्यामुळे स्त्रिया उपचारापासून वंचित राहतात. आणि मंच म्हणतो, पहिल्या टप्प्याचे निकाल उत्साहवर्धक आहेत, बहुसंख्य रुग्ण बरे झाले.

बरे होणारच होते. त्यांना टाकळ्याऐवजी ताक दिलं असतं तरी बरे झाले असते, आणि तुम्ही ताकावर परिषद घेतली असती.

समानता म्हणतेस? मग जिनिव्हात तुझ्या इमारतीतल्या गरोदर बाईचे डोळे पिवळे झाले तर तिला कुठल्या खिडकीतून कुठली गोळी मिळते, तेही सांग. तिला यकृताचा डॉक्टर मिळतो, रक्ताची तपासणी मिळते, पलंग मिळतो. करंजवाडीच्या बाईला परंपरा मिळते. साहेबाने आपल्याला मागासलेलं म्हटलं तेव्हा आपण चिडलो. आता तो आपल्याला ज्ञानी म्हणतो आणि डॉक्टर पाठवायचा थांबतो, तर आपण हार घेऊन उभे आहोत.

मी जुनी माणसं आंधळेपणाने झिडकारणारी नाही, हे तुला माहीत आहे. हिवतापावरचं आजचं सगळ्यात मोठं औषध चिनी वैद्यांच्या एका पाल्यातून निघालं. पण ते कसं निघालं? पाला चुकला तर चुकला म्हणणाऱ्या माणसांनी काढलं. १९७८ सालच्या आल्मा-आटाच्या आरोग्य-जाहीरनाम्यात सगळ्या जगाने मिळून लिहिलं की लोकांना अन्न हवं, स्वच्छ पाणी हवं, लसी हव्यात, डॉक्टर-परिचारिका हव्यात, आणि गरजेनुसार पारंपरिक उपचारकही. त्या लांबलचक यादीतला शेवटचा तुकडा तेवढा तुम्ही उचललात. पाणी महाग पडतं. पीस स्वस्त आहे.

असो. मंचाला पुरावा हवा असेल म्हणून मी गेल्या सोमवारी कान्हूबाबाला घेऊन रोह्याला ऋत्विकच्या कार्यालयात गेले. रस्ताभर त्याला समजावलं. तो मान डोलवत होता. कार्यालयात वातानुकूलन चालू होतं. कान्हूबाबाने कोटाची बटणं लावून घेतली आणि खुर्चीत बसला.

मी म्हटलं, “सांगा यांना, तुम्ही दाखवलेली मुळी कुठली ती.”

“सोनकाडी,” कान्हूबाबा म्हणाला.

“आणि खरी कुठली?”

“हीच. दुसरी नाय.”

ऋत्विक माझ्याकडे इतक्या करुणेने बघत होता की मला त्याच्या टेबलावरची कुंडी उचलावीशी वाटली. “मॅडम, बाबांचा तुमच्यावर राग नाही,” तो म्हणाला. “पण बाहेरच्या माणसांनी त्यांच्या ज्ञानावर शंका घेतली की त्यांना लागतं.”

बाहेरची माणसं. गडबची नूतन पाटील रोह्यात बाहेरची, आणि हा इथे बदलीवर आलेला घरचा.

“निदान गरोदर बायांचं तरी सांगा,” मी कान्हूबाबाला म्हटलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. ऋत्विकच म्हणाला, “ते आम्ही त्यांच्याशी बोललो आहोत. सगळ्यांना औषध मिळायला हवं, हे त्यांनी मान्य केलंय.”

बाहेर आल्यावर एस.टी. स्टँडवर मी त्याला धरलं. तो वडापाव खात होता.

“लाज नाही वाटली?”

“बाई, खोटं सांगितलं म्हनलो, की मंग खरं सांग म्हनतील. खरं सांगितलं की मेलं औषध.” तो शांतपणे चावत म्हणाला. “माज्या बापानं मला जाताना दिलं तं. तुमच्या भांडनापायी मारू व्हय?”

“आणि बायांचा नियम?”

“माज्याकडं आली तर मी नायच देनार. खिडकीतून देतात ते त्यांचं.”

“गोळीवर तुमचं तोंड छापलंय.”

“व्हय,” तो म्हणाला, आणि लपवता येत नव्हतं इतकं त्याला ते आवडलेलं होतं. “ऋत्विकसाहेब म्हनतो, जिनिव्हाला नेऊ.”

मला त्या क्षणी तुम्हा सगळ्यांचा सारखाच वीट आला. तुझा, ऋत्विकचा, त्या कोटाचा, आणि त्यात बसलेल्या माणसाचाही. पण त्याच्याकडे निदान मोडता न येणारी एक रीत आहे. तुझ्याकडे काय आहे?

ओळ परत घाल, सुरभी. पावसाळा चालू आहे. ओढ्याचं पाणी लाल आहे.

नूतन


अलिबाग, ८ ऑगस्ट २०२५

सुरभी,

जिल्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर लागेल तेवढं वाच.

जानी तुला आठवत असेल. तिची आई आपल्याकडे लावणीला यायची आणि ही बांधावर बसून तुझ्या पाटीवर रेघा ओढायची. तू तिला अक्षरं शिकवलीस. नंतर ती करंजवाडीत चंदरला दिली. तो धरमतरला बार्जवर कोळसा उतरवायला असतो, शिफ्टवर गेला की तिकडेच राहतो. जानीला आठवा महिना आहे.

काल दुपारी कान्हूबाबा पेणला माझ्या दारात आला. एकटा, एस.टी.ने, अंगात कोट नाही. आत ये म्हटलं तर आला नाही.

“जानी पिवळी झाली,” तो म्हणाला. “पयली माज्याकडं आली व्हती. मी परत लावली.”

“मग दवाखान्यात नेली?”

“खिडकीवर गेली. त्यांनी गोळी दिली. आठवडा झाला खातेय.” मग पायरीवर बसत, “कालपासून बरळते. मला बाप म्हनते.”

मी गाडी केली. जानी भिंतीला टेकून बसली होती, डोळे हळदीसारखे, आणि मला ओळखून तिने पदर सारखा केला. मी म्हटलं, “अगं, त्या गोळीवर कशी बसलीस तू? कान्हूबाबाने नाही म्हटलं होतं ना?”

ती हसली. भिंतीवर तुझा फोटो होता. परिषदेचं पोस्टर, त्यात तू आणि कान्हूबाबा, मधे ती गोळी. वाडीत सगळ्यांच्या घरात आहे, पत्र्याच्या फटीतून येणारा वारा अडतो म्हणून. पण तिने ते आतल्या भिंतीवर लावलं होतं, जिथे वारा येत नाही.

“सुरभीताईनं दिलंय,” ती म्हणाली. “तं खोटं कसं आसंल?”

रोह्याच्या डॉक्टरांनी तिला बघितल्याबरोबर इकडे पाठवलं. इथल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, कालपासून जेवलेल्या दिसत नाहीत. यकृत काम करेनासं झालंय म्हणाल्या. चंदरला निरोप गेला आहे. कान्हूबाबा जिन्याखाली बसला आहे.

तुला फोन लावला होता. तू बैठकीत होतीस.

नूतन


पेण, १४ ऑगस्ट २०२५

सुरभी,

जानी रविवारी सकाळी गेली. मूल त्याआधीच गेलं होतं. मुलगी होती. आठवडाभर आधी आणली असती तर काही सांगता आलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. त्या कामाला माझी जीभ पुरेशी आहे.

तुझ्या चार ओळी मिळाल्या. तुझ्या स्वतःच्या आहेत, हे ओळखलं, कारण मराठीत आहेत. ‘ऐकून धक्का बसला. तिचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. नियमावलीचा फेरविचार परिषदेनंतरच्या आढावा बैठकीत नक्की होईल. स्वतःला जप.’

पहिली दोन वाक्यं माझ्या बहिणीची आहेत. तिसरं लिहिताना तुझा हात थांबला नाही का? परिषदेनंतर. म्हणजे तोवर खिडकी उघडी. एक बाई मेली तर तिला तुमच्याकडे काय म्हणतात, हे मी शोधून काढलं. ‘प्रतिकूल घटना’. पोस्टरवर डाग पडला तरी हाच शब्द चालेल.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. जानी शुद्धीत यायची तेव्हा तुझं विचारायची. सुरभीताई आली का, एवढंच. मी तिला सांगितलं, निघाली आहे, विमानात आहे. तिने विचारलं, विमान कुठवर आलं? मी म्हटलं, समुद्रावर. ती म्हणाली, मग येईलच. दर वेळी मी विमान थोडं पुढे आणत गेले.

पंचवीस वर्षं मी लोकांना सांगत फिरले की सांत्वनासाठीसुद्धा खोटं बोलू नका, खोट्याची सवय लागते.

चंदर दहाव्यानंतर परत बार्जवर जाईल. त्याने पोस्टर फाडलं नाही. मी फाडायला गेले तर म्हणाला, “ऱ्हाऊ द्या बाई, तिनं लावलंय.”

परिषदेत मी बोलणार आहे. ऋत्विकला तसं कळवलं आहे.

नूतन


पेण, २८ सप्टेंबर २०२५

सुरभी,

तू येणार नाहीस हे मला आदल्या दिवशी कळलं. तू पडद्यावर आलीस, पाठीमागे पुस्तकांचं कपाट आणि एक हिरवं झाड. केस कापलेस. बरे दिसतात.

माझं भाषण तू ऐकलंस, त्यामुळे ते परत लिहीत नाही. इतकं चांगलं मी आयुष्यात बोलले नव्हते. मी पाणी सांगितलं, टाकळा सांगितला, कोट आणि पीस सांगितलं. जानीचं नाव घेतलं, तिच्या मुलीला नाव नव्हतं हेही सांगितलं. दुभाषी मुलगी मधेच थांबली, तिला रडू येत होतं. मी म्हटलं, या सभागृहातल्या कुठल्याही पाहुण्याने आपल्या गरोदर लेकीला ही गोळी देईन असं हात वर करून सांगावं. एकही हात वर आला नाही.

आणि मग ते सगळे उभे राहिले. टाळ्या, सुरभी. केनियाच्या डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला. कुणीतरी ‘धाडसी’ म्हणालं. पडद्यावर तू टाळ्या वाजवत होतीस. डोळे पुसत होतीस आणि टाळ्या वाजवत होतीस.

चहाच्या वेळी ऋत्विक आला. “मॅडम, अप्रतिम. हे आपण अहवालात घेऊ, समुदायाचा प्रतिसाद म्हणून. व्हिडिओची परवानगी द्याल ना?”

“खिडकी कधी बंद होणार?”

“दुसऱ्या टप्प्याची गती थांबवणं शक्य नाही. पण तुमच्या मुद्द्यांची नोंद झाली आहे.”

मी मोर्च्यावर लाठ्या बघितल्या आहेत, सभेत दगड बघितले आहेत. टाळ्यांनी मारतात हे मला ठाऊक नव्हतं. कान्हूबाबाला त्यांनी शाल आणि नारळ दिला. दोन शब्द बोला म्हटल्यावर तो माइकमध्ये म्हणाला, “बरं हाय,” आणि खाली बसला. त्यालाही टाळ्या.

संध्याकाळी वाडीच्या रस्त्याला परिषदेसाठी बार्जवरून सुट्टी काढून आलेला चंदर, कान्हूबाबा आणि मी गाडीतून उतरलो.

“तुमचं भाषान लय झ्याक झालं,” कान्हूबाबा म्हणाला. “पन आपल्या बायांना त्यातलं काय कळनार नाय. त्यांना मी सांगतो.”

“काय सांगणार?”

“जानी आळवंत झाली म्हनून.”

बाळंतपणात मेलेली बाई आळवंत होते, केस सोडून बसते, पोटुश्या बायांच्या मागे लागते. ही भीती तू आणि मी गडबला अंगणात एकाच गोधडीखाली ऐकली होती. माझं पहिलं भाषण याच भीतीविरुद्ध होतं.

तो कोटाच्या खिशात हात घालून सांगत होता, अगदी ऋत्विकसारखा. “सांगतो, त्या गोळ्यांच्या कपाटाशी जानी बसलेय. सपनात आली माज्या. दोन जिवांच्या बाईनं गोळी घेतली की पोर तिच्या मांडीवर जातं. मोट्या दवाखान्यात गेली तर सोडते. मी सांगितल्यावर कोन नाय म्हनंल? माजा फोटू हाय गोळीवर.”

“खबरदार,” मी म्हटलं. “पोरीला मेल्यावर भूत करताय? तिच्या नवऱ्यासमोर?”

चंदर गटाराच्या कठड्यावर बसला होता. तो वर न बघता म्हणाला, “करू द्या बाई. जिती व्हती तवा कोनी ऐकलं नाय तिचं. आता ऐकतील.”

मी कान्हूबाबाला अडवलं नाही. मी, सुरभी.

आठवड्याभरात वाडीतली एकही पोटुशी बाई खिडकीकडे फिरकेनाशी झाली. पलीकडच्या दोन वाड्यांत बातमी गेली. ऋत्विक कान्हूबाबाला समजवायला आला, तर हा कोटाची बटणं लावून म्हणाला, “पारंपारिक ज्ञान हाय, साहेब.” यावरचं ऋत्विकचं उत्तर तुम्हीच काढून घेतलं होतंत.

पण सगळ्यांनाच ते पटलं असं नाही. करिश्मा म्हणून एक आहे, दहावी शिकलेली, सातवा महिना. तिची सासू म्हणाली, भूतबीत काही नसतं असं नूतनबाई शाळेत सांगून गेल्यात, घे गोळी. म्हणजे माझाच शब्द तिला खिडकीकडे घेऊन चालला होता. पोरीचे डोळे पिवळे दिसत होते. काल ती माझ्याकडे पेणला आली, सासूला न सांगता. पायरीवर बसली.

“बाई, खरं सांगा. जानी हाय का तिथं?”

तिला मी विषाणू समजावू शकले असते. मी सुरुवातही केली. गढूळ पाणी, यकृत, शेवटचे महिने. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि मला दिसत होतं की घरी जाऊन ती हे सासूला सांगू शकणार नाही. सासूसमोर यातलं काहीही टिकणार नव्हतं.

मग मी म्हटलं, “आहे.”

“तुमी बघितली?”

“बघितली. केस सोडून बसली होती.”

करिश्माने पोटावर हात ठेवला. “आन मी अलिबागला गेले तर? मागनं येईल?”

“नाही,” मी म्हटलं. “धरमतरचा पूल ओलांडत नाही ती.”

मी तिला पाणी दिलं, गाडी बोलावली, आणि तिच्यासोबत अलिबागला गेले. पुलावर तिने डोळे मिटून घेतले होते. पूल संपल्यावर मी सांगितलं तेव्हाच उघडले. डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं. या वेळी वेळेत आणलंत, म्हणाल्या. करिश्माला पलंग मिळाला आहे.

उद्यापासून मी वाड्यांवर जाणार आहे, पलीकडच्याही. घराघरात जाऊन हेच सांगणार. लोक माझं ऐकतात, पंचवीस वर्षं त्यांच्याशी खोटं न बोलल्यामुळे.

तुझ्या अहवालात यासाठी जागा असेल तर लिही. नसेल तर ती ओळ परत घाल, म्हणजे मला थांबता येईल.

ताई